रंगाचा रकाना

लिलावातून उचलला तेव्हा चारांपैकी एकच चाक फिरत होतं.
वन-टनर, बहात्तर सालचा, फौजेतून कधीच निवृत्त;
मी नुकताच, सूत रंगवायच्या खात्यातून.
क्रेनवाल्यानं विचारलं, कुठं टाकू?
म्हटलं, टाकू नको बे. उतरव.

सरोजनी दारात उभी होती. बोलली काहीच नाही.
दुपारी ताटात कडक भाकरी, शेंगाचटणी,
दही नाही.
मी समजलो.

पहिले दोन महिने नुसतं खरवडणं.
मौलाली म्हणाला, मास्तर, मशीन लावू की,
एका दिवसात पत्रा उघडा.
मी पट्टीच धरली हातात.
वरचा थर पिवळा, बोअर मारणाऱ्या कुणाचा तरी,
दारावर पाच आकडी फोन नंबर, त्यातले तीन शिल्लक.
त्याखाली निळा, मांडववाल्याचा;
निळ्यात दोन दाणे तांदळाचे,
रंग ओला असताना कुणाच्या तरी लग्नात चिकटलेले.
मग फौजी हिरवा. मग गेरूसारखा ऑक्साइड.
मग लोखंड, ज्याला रंग नसतो असं मी
छत्तीस वर्षं समजत होतो.
असतो.
सकाळी साडेसहाला एक, बाराला दुसरा.

पाण्याचं भांडण निराळंच.
नळ पाच दिवसांनी, आणि पेपर ओलाच घासावा लागतो.
पिण्याचं नाही, धुण्याचं नाही, मग कुठलं वापरणार?
याला उत्तर नव्हतं.
पुढं कधीतरी बादलीत तांदूळ धुतलेलं पाणी
साठायला लागलं, न सांगता.
उजवं मडगार्ड त्या पाण्यावर घासलंय.

एप्रिल. सावलीत बेचाळीस.
गनमधून सुटलेला रंग वाटेतच वाळून
भुकटी होऊन पत्र्यावर बसायचा.
मौलाली शिवी हासडायचा, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून
जीभ चावायचा.
ठरलं, पहाटे चारला मारायचा.

पण कोणता?
फौजी हिरवा आपल्याला चालत नाही, नियम आहे.
दुकानदारानं पुस्तक उघडलं, तीनशे चौकोन.
मी हौदात हात घालून लाल ठरवलेला माणूस,
लग्नाच्या फोटोतही कोपरापर्यंत किरमिजी.
मला चौकोनात रंग दिसेना.
सरोजनी मागून म्हणाली, हुरड्याचा द्या की.
कसला हुरडा?
मंगळवेढ्याचा. आगटीतून काढून तळहातावर चोळलेला,
फुंकर मारायच्या आधीचा.

तीन दिवस डबे ढवळले.
हिरवा, त्यात पिवळा, चमचाभर पांढरा,
राखेपुरता काळा, सुईच्या टोकावर मावेल एवढा.
ती बघायची, मान हलवायची:
हा फुंकरीनंतरचा.
चौथ्या दिवशी मान हलली नाही.

पहाटे चारला हात मारायला घेतला
तर शेजारी गाजुलांची रात्रपाळी, माग खडखडत,
झरोक्यातून कापसाची बारीक लव उडून
थेट बॉनेटवर, ओल्या रंगात.
मौलालीनं चिमटा काढला. मी मनगट धरलं.
राहू दे.
काय राहू दे मास्तर? लोक माझ्या नावानं बोंब मारतील.
बराच वेळ वाद झाला, रंग वाळत चालला,
शेवटी तीन तंतू त्यानं काढले,
एक ठेवला.
हेडलाइटच्या वर, डावीकडं. कोवळ्या उन्हात
बोटाला लागतो.

फॉर्म अजून टेबलावर पडलाय.
बाकी सगळं भरलं, रंगाचा रकाना तेवढा कोरा.
'हिरवा' लिहायला हात होत नाही.
घाई तरी कुणाला आहे?
इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं,
त्याचं बसवराजला सांगितलंय, तो दिवाळीनंतर म्हणतो.

संध्याकाळी ऊन उतरलं की सरोजनी
चाकावर पाय देऊन वर चढते,
पुढच्या सीटवर ओट्यात शेंगा घेऊन बसते.
समोर गाजुलांची भिंत.
ती शेंगा सोलते, चार मला देते
आणि टरफलं खिडकीतून
मागं भिरकावते,
गाडी चालू असल्यासारखी.